पलीकडच्या काठावरचं घर

सेंट ऑबिन, मेन
रविवार, ११ डिसेंबर २००५

पोचलो एकदाचा. नागपूर, मुंबई, लंडन, बॉस्टन, तिथून एक खेळण्यातलं वाटावं असं विमान आणि मग मुलीच्या, नेत्राच्या, गाडीतून दीड तास. एवढा प्रवास केल्यावर जे गाव लागतं ते निदान मोठं तरी असावं, अशी माझी समजूत होती. वस्ती नऊशे. एक रस्ता, एक चर्च, एक दुकान, नेत्राचा दवाखाना, बटाट्याची शेतं, आणि रस्ता संपतो तिथे सेंट जॉन नदी. नदीपलीकडे कॅनडा.

देश बदलतो तिथे काहीतरी वेगळं दिसेल, असं मला उगाच वाटत होतं. एक हिरवा लोखंडी पूल, त्याच्या दोन टोकांना दोन चौक्या आणि दोन झेंडे. बाकी पलीकडे तशीच लाकडी घरं, तसंच चर्च. फक्त त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे. त्यामुळे बाराचे ठोके दोनदा पडतात.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं रोज संध्याकाळी फील्ड बुक लिहिलं. माझी बायको सुमित्रा म्हणायची, "नदीचं एवढं लिहिता, कधी घरातलंही लिहा." ती असताना लिहिलं नाही, आता लिहितो.

येण्याचं कारण पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. नेत्रा चौतीस वर्षांची झाली. परदेशातून शिकायला आलेल्या डॉक्टरांना अमेरिका एका अटीवर ठेवून घेते. जिथे कुणी डॉक्टर जायला तयार नसतो, अशा गावात तीन वर्षं काढायची. तिची तीन वर्षं येत्या ३० जूनला संपतात. मग ती मोकळी. बॉस्टनजवळ श्रूजबरीला सुमित्राची मावसबहीण विनीता वीस वर्षं राहते. तिथे आपली माणसं आहेत, मराठी मंडळ आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत आणि विनीताने बघून ठेवलेला एक मुलगाही आहे. नेत्रा आपल्या माणसांत पडेल एवढं बघा, असं सुमित्रा शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं. जूनच्या तीन तारखेचं परतीचं तिकीट आहे. त्याच्या आत हे काम उरकायचं.

मंगळवार, २० डिसेंबर

उणे चोवीस. नाकातले केससुद्धा कडक होतात.

सकाळी दार उघडलं तर एक उंच, तांबूस दाढीचा, चाळिशीचा माणूस अंगणातलं बर्फ काढत होता. मी नेत्राला विचारलं, "याला महिन्याचं ठरवून दिलंयस की दिवसाचं?"

ती हसतच सुटली. "अहो बाबा, तो कामाला नाहीये! लूक आहे तो. पलीकडे राहतो. फ्रेंड आहे."

दुसऱ्या देशातून पूल ओलांडून शेजाऱ्याचं अंगण साफ करायला येणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आत बोलावून चहा दिला. खरी गंमत पुढेच आहे. हा लूक थेरियो त्यांच्या सरकारच्या नदीमापन खात्यात आहे. पाण्याची पातळी वाचायची, प्रवाह मोजायचा, पुराचा अंदाज द्यायचा. म्हणजे माझाच धंदा! दोन तास बसलो. त्याचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं भंडारा वळणाचं, पण नदीचं बोलायला अडचण आली नाही. मला तो मिस्टर गुरू म्हणतो. गुरुनाथ त्याच्या जिभेला झेपत नाही.

त्याचं घर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बरोब्बर समोर दिसतं. पिवळं, लाल छपराचं. विधवा आई आणि तो, दोघंच.

रविवार, ८ जानेवारी २००६

या आठवड्यात लूक चौथ्यांदा आला. वैनगंगेच्या पुराच्या गोष्टी त्याला फार आवडतात. या गावात त्याला या विषयावर बोलायला कुणी नसावं बिचाऱ्याला. एक खोड मात्र आहे. ऐकता ऐकता लक्ष दाराकडे जातं. नेत्राची गाडी आली की मग निवांत होतो. रस्ते निसरडे असतात, त्याची काळजी वाटत असावी. स्वभावच परोपकारी.

नेत्रा आज स्कीइंगला गेली होती. लाकडी पट्ट्या पायाला बांधून बर्फावरून घसरत जायचं. कुणीतरी शिकवतं म्हणे. थंडीने गाल लाल होऊन आली. बऱ्याच दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली. व्यायाम चांगलाच.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या. सुमित्राच्या हातची सर नाही, पण दात पडले नाहीत एवढं खरं. लूकला तिळगूळ देऊन नेत्राने अर्थ सांगितला. त्याने वडी तोंडात टाकली आणि मला मराठीत म्हणाला, "गोड बोला." उच्चार इतका स्वच्छ की मी चाट पडलो. एकदा ऐकून परदेशी माणूस इतकं नेमकं बोलतो, म्हणजे कान तयार असला पाहिजे. मी तसं म्हटलं तर नेत्रा उगाचच भांडी आवरायला उठली.

त्याच्या आईने आमच्यासाठी प्लोय पाठवल्या होत्या. कुट्टूच्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली, जाळीदार धिरडी. इथली सगळी फ्रेंच माणसं दोन्ही काठांवर हेच खातात. लसणाच्या चटणीबरोबर सहा खाल्ली.

रविवार, २९ जानेवारी

आज आयुष्यात पहिल्यांदा नदीच्या पात्रावरून चालत गेलो. बर्फ बावीस इंच. लूकने गिरमिटाने भोकं पाडली, खाली काठी सोडून वेग मोजला. वर एवढी मरगळ आणि खाली पाणी मजेत चाललेलं.

मध्यावर आल्यावर मी सवयीने पुढे निघालो, कारण सगळ्यात खोल भाग थोडा पलीकडेच दिसत होता. लूकने दंडाला धरलं. "मिस्टर गुरू, तुमचा व्हिसा इथपर्यंत." बुटाच्या टाचेने त्याने बर्फावर रेघ ओढली. मी अलीकडे उभा राहिलो, तो पलीकडे जाऊन आकडे ओरडून सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. निवृत्तीनंतर इतका चांगला दिवस गेला नव्हता.

पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे. ती घरूनच वाचता यावी म्हणून त्याने मला दुर्बीण आणून दिली. आता रोज सकाळी आकडा टिपतो.

रविवार, १२ फेब्रुवारी

विनीताचा फोन.

"भाऊजी, मी शंतनूशी बोलले. ही इज व्हेरी इंटरेस्टेड. पुण्याचा आहे, चांगल्या कंपनीत आहे, ग्रीन कार्ड आलंय, घर घेतलंय. पहिलं लग्न टिकलं नाही, पण त्यात त्याची काही चूक नव्हती, आय नो द फॅमिली. मार्चमध्ये ड्राइव्ह करून येतो म्हणतोय. आठ तास लागतात, बघा!"

आठ तास गाडी चालवून येणारा मुलगा म्हणजे मनापासून येतोय. नेत्राला सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे. त्याला यायचं असेल तर मी नाही कशी म्हणू?" याला मी होकारच धरतो. आपल्या मुली अशाच बोलतात.

रविवार, १९ फेब्रुवारी

सुमित्राला जाऊन दोन वर्षं झाली. तिथी वेगळी, पण तारीख हीच.

भात, वरण, खीर. आम्ही दोघं जेवलो. नेत्रा तेव्हा येऊ शकली नव्हती. व्हिसा नुकताच बदलला होता, एकदा बाहेर गेलीस तर परत येताना किती महिने अडकशील सांगता येत नाही, असं वकील म्हणाला होता, आणि दवाखान्यात ती एकटीच डॉक्टर. हे सगळं मला कळतं. अग्नी मी दिला, दहावं-तेरावं मीच केलं, फोनवर ती हुंदके देत होती आणि मी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत होतो. ठीक नव्हतं. अजूनही नाही. हे तिला कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही, म्हणून इथे लिहितो. आईचं शेवटचं तोंड पाहायला पोर आली नाही.

शनिवार, २५ मार्च

शंतनू दुपारी तीनला पोचला. मुलगा फार सज्जन. विनीताने दिलेल्या चकल्या, श्रीखंड, दिवाळी अंक असं सगळं घेऊन आला. मला वाकून नमस्कार केला. जेवताना पुण्याच्या, श्रूजबरीच्या गोष्टी सांगितल्या. नेत्राशीही नीट बोलला.

लूकला मीच जेवायला बोलावलं होतं. आमच्याकडे खास पाहुणा येतोय, तूही ये, म्हटलं. नेत्राला हे सांगितल्यावर तिच्या हातून पातेलं पडता पडता राहिलं. लूक आला, पण आज अगदीच गप्प. मी वैनगंगेचा विषय काढला तरी खुलला नाही. बर्फात दिवसभर काम करून दमला असेल. पाणी हवं होतं तेव्हा तो उठला, तिसऱ्या कपाटातून ग्लास काढला, मिठाची बरणीही न शोधता आणून नेत्रापुढे ठेवली. शंतनू त्याच्याकडे बघत होता.

रविवार, २६ मार्च

सकाळी शंतनू निघाला. गाडीची काच खरवडायला मी बाहेर गेलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्हाला खरंच माहीत नाहीये का?"

"काय?"

"नेत्रा आणि लूक." त्याने गाडीचं दार उघडलं. "काका, मला राग नाही आला. एकदा संसार मोडलाय माझा. त्या घरात चार वर्षं आम्ही एकमेकांना मीठ विचारून घ्यायचो. मी विनीताकाकूंना सांगतो की नाही जमलं. तुम्ही नेत्राला ओरडू नका, यार... सॉरी, काका."

गाडी वळणापर्यंत दिसत होती. मी हातातली काच खरवडायची पट्टी घेऊन तसाच उभा राहिलो.

तीन महिने माझ्या पुढ्यात बसून माणूस माझ्या मुलीची वाट बघत होता, आणि मी त्याला गाळाचं प्रमाण समजावून सांगत होतो. चौतीस वर्षं नद्या मोजल्या म्हणे!

गुरुवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही.

नेत्राशी बोललो. बोललो कसला, आवाज चढवला. लपवलंस का, म्हटलं.

"लपवलं नाही बाबा. रोज तुमच्यासमोरच होता तो. तुम्हाला आवडायला लागला होता. मला वाटलं, अजून थोडा आवडू दे, मग सांगेन." ती शांत होती. त्याचाच जास्त राग आला. "क्लिनिकने मला जूननंतरही थांबायला सांगितलंय. मला थांबायचंय. नोकरी इकडे, घर तिकडे. पूल चार मिनिटांचा आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर मी लग्न नाही करणार. श्रूजबरीलाही नाही जाणार. अशीच राहीन."

"ही धमकी आहे?"

"नाही. एकदा तुमच्या आणि आईच्या वेळेला मी नव्हते. आता तुम्हाला सोडून काही करणार नाही, एवढंच."

आईला दिलेला शब्द, एवढं म्हणून खोलीत जाऊन बसलो. म्हणजे आता सगळं माझ्या एका शब्दावर आलं. पूर्वी धरणाचे दरवाजे उघडायचा आदेश द्यायला मी कधी कचरलो नाही. हे त्याहून अवघड आहे.

मंगळवार, १८ एप्रिल

बर्फ फुटलं. सकाळी तोफ डागल्यासारखा आवाज झाला आणि अख्खं पात्र हललं. खोलीएवढ्या लाद्या एकमेकींवर चढत पुलाखालून गेल्या. अर्धं गाव काठावर, पलीकडेही तेवढंच. मी पट्टी वाचली, दोन तासांत साडेचार फूट चढ. हे सांगायला लूक हवा होता, असं मनात आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

तीन आठवडे तो आलेला नाही. मी येऊ नकोस असं म्हटलेलं नाही. नेत्रा कामावर जाते, येते, माझ्या गोळ्या काढून ठेवते. स्कीइंगचा मोसम संपला.

रविवार, २३ एप्रिल

लूक आला. इस्त्रीचा शर्ट, टाय, दाढी कापलेली. समोरच्या खुर्चीत बसला आणि पाठ करून आणलेलं मराठी वाक्य म्हटलं, "काका, मला नेत्राशी लग्न करायचं आहे. तुमची परवानगी हवी." पुढे इंग्रजीत म्हणाला, "मला तुमच्याकडची रीत माहीत नाही. काय करायचं असतं ते सांगा. मी करीन."

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर होतं. पण नेत्रा दारात उभी होती आणि नाही म्हटलं तर ती खरंच अशीच राहील, हे मला ठाऊक आहे. हट्टी आहे, माझीच मुलगी. आणि मग एकदम सुचलं.

"आमच्याकडे मुलीचा बाप आधी मुलाचं घर बघतो," मी म्हटलं. "स्वतः जाऊन. उंबरठा, चूल, पाणी कुठून येतं, माणसं कशी आहेत. घर पाहिल्याशिवाय शब्द देता येत नाही. ही रीतच आहे."

"मग या ना," लूक म्हणाला. आणि लगेच त्याच्याही लक्षात आलं.

"कॅनडाचा व्हिसा नाही माझ्याकडे," मी म्हटलं. चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला.

नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सरकारनेच अडवलंय, त्याला मी काय करणार? कारण बरं सापडलं.

बुधवार, २६ एप्रिल

खात्री करून घ्यायला पुलाच्या अलीकडच्या चौकीत गेलो. अधिकारी भला माणूस, त्याच्या आईला नेत्राने बरं केलंय. म्हणाला, "सर, आम्ही तुम्हाला सोडू, पण ते आत घेणार नाहीत. व्हिसा लागेल. आय ॲम सो सॉरी." मी त्याचे फार आभार मानले. इतक्या आनंदाने सॉरी ऐकून घेणारा माणूस त्याने पाहिला नसेल.

मंगळवार, २ मे

नेत्राने अर्ज आणला. पासपोर्ट पोस्टाने पाठवायचा, चार ते सहा आठवडे. मी म्हटलं, परक्या मुलुखात पासपोर्ट पोस्टात टाकायचा नाही, आणि तीन जूनला माझं विमान आहे.

तिने अर्जाची घडी घातली. "बाबा, तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. घरावर नका ढकलू."

"रीत आहे ती."

"आईचं लग्न ठरवताना आजोबांनी तुमचं घर पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं. दोन खोल्या होत्या क्वार्टरच्या. एकीत सिमेंटची पोती." मला आठवून हसू आलं. तिलाही आलं. मग तिने अर्ज खणात ठेवून दिला.

खरं लिहायचं तर मला लूकचं काही वावडं नाही. जावई म्हणून असा माणूस नागपुरात शोधून मिळाला नसता. पण मी तिकडे एकटा, ही इथे फ्रेंच बोलणाऱ्या माणसांत, पुढे नातवंडं झाली तर ती मला काय म्हणून हाक मारतील? आणि सुमित्राला कुठल्या तोंडाने सांगू की तुझी मुलगी आपल्या माणसांत पडली?

शनिवार, १३ मे

नेत्राने उद्या सकाळी दहा वाजता काठावर यायला सांगितलंय. "त्यांचे अकरा. चर्चमधून आल्यावर." कशाला, ते सांगत नाही. दुर्बीण घ्या म्हणाली.

रविवार, १४ मे

जसं घडलं तसं लिहितो. आजच लिहायला हवं.

दहाला काठावर गेलो. पूर ओसरून नदी नेहमीच्या पात्रात आली आहे, रुंदी फार तर सव्वाशे मीटर. समोर पिवळं घर. त्याची दोन्ही दारं सताड उघडी. लूक, त्याचे चार चुलत भाऊ आणि त्यांच्या बायका घरातून सामान बाहेर काढत होते आणि उतारावरच्या गवतात, पाण्याच्या कडेपर्यंत मांडत होते.

"घर बदलतायत की काय?"

"नाही," नेत्रा म्हणाली. "तुम्हाला जाता येत नाही ना. म्हणून घर आलंय तुमच्यासमोर. आत असतं तसंच मांडतायत."

आधी जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या. मग पलंग, वर रंगीत तुकड्यांची गोधडी. दोघांनी कपाट आणलं, लूकने त्याची दारं उघडली, आत घड्या केलेले कपडे. खण एकेक ओढून दाखवला. चमचे, सुऱ्या, लाटणं. प्लोय भाजायचा बिडाचा तवा त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. लोणच्या-मुरंब्याच्या बरण्यांची एक रांगच रांग. धुण्याचं यंत्र ढकलगाडीवरून आलं, आणि ते उतारावरून नदीत जाऊ नये म्हणून तिघं जण त्याला मागून धरून होते. एकाने नळाला जोडलेली रबरी नळी धरून पाणी उडवून दाखवलं. पाणी कुठून येतं, असं मी विचारलं होतं ना!

मी दुर्बिणीतून सगळं बघत होतो. पहिल्यांदा हसू येत होतं. मग येईनासं झालं. एका माणसाने आपलं सगळं घर, फाटका गालिचा आणि पाय मोडलेल्या स्टुलासकट, परक्या माणसासमोर उन्हात मांडलं होतं. आणि ही रीत मी नुसती टाळाटाळ करायला पुढे केली होती. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

लूकची आई मधोमध खुर्चीत बसून काठीने हे इकडे, ते तिकडे असं सांगत होती. सगळं मांडून झाल्यावर ती उठली. लूक हात द्यायला गेला तर त्याला बाजूला केलं. एकटी घरात गेली, आणि छातीशी एक मोठी तसबीर धरून बाहेर आली. पाण्याच्या अगदी काठापर्यंत आली आणि तसबीर माझ्याकडे वळवून धरली.

काच चमकत होती. मी दुर्बीण नीट केली. फिकट पिवळी साडी, हातात नारळ, मान जराशी कललेली. सुमित्रा.

मी दुर्बीण खाली केली, पुन्हा लावली. सुमित्राच होती. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभातला फोटो, मोठा करून घेतलेला.

"आई गेली तेव्हा मी इथे एकटीच होते," नेत्रा म्हणाली. ती नदीकडेच बघत होती. "लूकला मी तेव्हा जेमतेम ओळखत होते. तो त्याच्या आईला, मादामना, घेऊन आला. मी म्हटलं, आमच्यात तेरा दिवस असतात. तर मादाम तेरा दिवस रोज पूल ओलांडून आल्या. मला जेवायला घालायच्या आणि बसून राहायच्या. एक शब्द कळायचा नाही आम्हाला एकमेकींचा. शेवटच्या दिवशी लूकला दुभाष्या करून त्यांनी आईचा फोटो मागितला. त्यांच्याकडे एका भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. रविवारी चर्चमधून आल्या की प्रत्येकापुढे मेणबत्ती लावतात. दोन वर्षं आईपुढेही लावतात."

मी पुन्हा पाहिलं. आणि मग मला दिसलं की सुमित्राच्या शेजारी, गळ्यात हार घालून, मीही उभा होतो.

"अगं, यात तर मी पण आहे!"

"हो ना. मी त्यांना म्हटलं, बाबा जिवंत आहेत, तेवढा भाग कापून टाकू. तर त्या चिडल्या. नवराबायकोला कात्री लावायची नसते म्हणाल्या. त्या माणसाला आत्ता जास्त गरज आहे, त्याच्यासाठीही एक लावीन, म्हणाल्या. तेव्हापासून दोन लावतात."

नागपूरच्या घरात सुमित्राचा फोटो मी अजून भिंतीवर लावलेला नाही. कपाटात आहे, कपड्यांच्या खाली. लावला की ती गेली, असं होईल म्हणून. दोन वर्षं तिथे तिच्यापुढे दिवा नाही. आणि इथे, ज्या घराला मी खिडकीतून नुसतं छप्पर म्हणून बघत होतो, तिथे दर रविवारी आम्हा दोघांपुढे उजेड असायचा. आणि आपली माणसं मी श्रूजबरीत शोधत होतो.

नेत्राला म्हटलं, "तू आली नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावलो होतो. दोन वर्षं."

"माहीत आहे मला, बाबा."

"आता नाही."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी रडली. मीही रडलो, लाजलो नाही. पलीकडे सगळे खोळंबून उभे होते. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "घर पसंत आहे!"

पाण्याला आवाज फार. लूकने कानाला हात लावला. मी आणखी पुढे झालो, बूट पाण्यात गेले, आणि सगळा जोर लावून पुन्हा ओरडलो, "पसंत आहे! घर पसंत आहे!" मराठीतच. इंग्रजीत काय म्हणायचं ते त्या क्षणी आठवलं असतं तरी म्हटलं नसतं. लूक तसाच गवतात खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. चुलत भाऊ टाळ्या वाजवायला लागले. मी म्हातारीला हात जोडून नमस्कार केला. तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून तिने नुसती मान लववली.

मग त्यांनी सामान परत घरात न्यायला सुरुवात केली. टेबलाला, कपाटाला कुणी हात लावायच्या आत म्हातारी तसबीर छातीशी धरून एकटी चढ चढून गेली, आणि सगळ्यात आधी आम्ही दोघं आत गेलो.